आधी संख्या, मग वापर

संध्याकाळच्या प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांची नावे आली की माझे मन निश्चिंत होत असे. अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य, विषवाणिज्य, तळी व सरोवरे आटविण्याचा धंदा... श्रावकाने ज्या व्यवसायांपासून दूर राहावे असे सांगितले आहे, त्यांपैकी एकही आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत झालेला नव्हता. दादाजींनी लातूरच्या गंजगोलाईत पळसाच्या पत्रावळ्या, द्रोण, सुतळी आणि बारदान यांचे लहानसे दुकान थाटले. वडिलांनी ते वाढविले. माझ्या हाती कारभार आला तेव्हा पत्रावळीची जागा थर्माकोलच्या ताटांनी, द्रोणाची जागा प्लास्टिकच्या वाट्यांनी आणि सुतळीची जागा पातळ पिशव्यांनी घेतली होती. लग्नसराईत तर माल उतरविण्यापूर्वीच विकला जाई. ना त्यात रक्त, ना विष, ना आग. याहून निरुपद्रवी धंदा कोणता असेल, असे मला प्रामाणिकपणे वाटत असे.

हा समज कसा गेला आणि त्यानंतर आमच्या घरात व पेढीवर कोणत्या सवयी आल्या, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

सन २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकर येण्याच्या आधी गल्लीत घागरींची रांग लागे आणि त्या रांगेत लक्षाधीश आणि हमाल शेजारी उभे असत. अशा दिवसांत ताटे धुवायला पाणी कोण देणार? मंगल कार्यालये, खाणावळी, घरगुती कार्ये, सगळीकडे टाकाऊ ताट-पेल्यांची मागणी वाढली. आमची विक्री त्या तीन महिन्यांत जवळजवळ दुप्पट झाली. संघातील एका ज्येष्ठांनी माझी पाठ थोपटून म्हटलेही, “तुमच्यामुळे गावाचे पाणी वाचते आहे, भाऊ.” मला ते खरे वाटले. आज सांगताना संकोच होतो, पण त्या उन्हाळ्यात मी स्वतःला जलरक्षक समजत होतो.

त्याच दुष्काळात चाराही संपला. ज्यांना जनावरे पोसणे अशक्य झाले त्यांनी ती मोकळी सोडली. गावाबाहेरच्या एका गोशाळेला आमचे घर वर्षानुवर्षे मदत करीत आले आहे. पावसाळ्याच्या तोंडी तिथून निरोप आला की रस्त्यावरून आणलेली एक गाय दगावली आहे, पोट फुगलेले आहे आणि डॉक्टर शवविच्छेदन करणार आहेत. मी औषधाचे पैसे देण्यासाठी गेलो होतो. थांबण्याचे कारण नव्हते, पण थांबलो.

डॉक्टरांनी गाईच्या पोटातून जे बाहेर काढले, तो दोरखंडासारखा पिळलेला काळपट गोळा होता. पाटीत मावेना. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. गाय घास फारसा न चावता गिळते आणि मग रवंथ करते. उष्टे अन्न पिशवीत गाठ मारून टाकले असेल तर ती वासाने पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पहिल्या मोठ्या कप्प्यात अडकते. ते धड पुढे सरकत नाही, धड उलटून येत नाही. वर्षानुवर्षे साठत जाते, आणि शेवटी पोट भरलेले असूनही जनावर उपासमारीने मरते.

मी वाकून त्या गोळ्याचे एक टोक चिमटीत धरले. वाचकहो, कापडाचा व्यापारी जसा बोटांनी सूत ओळखतो, धान्याचा व्यापारी जसा तळहातावर दाणा पारखतो, तसा मी पिशवीचा माल ओळखतो. बोटांना तत्काळ कळले की हा पन्नास मायक्रॉनच्या आतला माल आहे. तेवढ्या पातळ पिशवीवर त्या वेळीही कायद्याने बंदी होती. तरी बाजारात ती सर्रास चालत असे, कारण किलोमागे नग जास्त बसत. मीही ती विकत होतो. त्या गोळ्यात थर्माकोलचे चुरलेले तुकडेही होते. ती पिशवी माझ्याच दुकानातली होती असे मी म्हणत नाही; ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ती माझ्या दुकानातली नव्हती असेही मला म्हणता येईना.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात ‘विषवाणिज्य’ हा शब्द आला आणि माझा आवाज अडखळला.

घरी मी कुणाला काही बोललो नाही. बाईंना मात्र समजले. आमच्या आईला आम्ही सगळे बाई म्हणत असू. त्या वेळी त्यांचे वय एक्क्याऐंशी होते. चार दिवस मी नीट जेवत नाही हे पाहून त्यांनी विचारले, आणि मी सगळे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच म्हणाल्या, “तू किती विकतोस ते तुझ्या वहीत आहे. त्यातले किती कुठे जाते, ते कुणाच्या वहीत आहे?”

त्या रात्री मला झोप आली नाही. आपली व्यापाऱ्याची जात हिशेबाला पक्की. रोजमेळात चार आण्यांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत आपण दिवा मालवीत नाही. आणि इथे तर दररोज पोतीच्या पोती माल दाराबाहेर जात होता, एका जेवणापुरता वापरला जात होता आणि पुढे त्याचे नाव कोणत्याच खात्यावर नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाईंच्या जवळ जाऊन बसलो. त्या रोजच्याप्रमाणे बोटांच्या पेरांवर चौदा नियम धारण करीत होत्या. सचित्त, द्रव्य, विगई, पादत्राणे, तांबूल, वस्त्रे, फुले, वाहन, शय्या, विलेपन, ब्रह्मचर्य, दिशा, स्नान, भोजन. आज किती पदार्थ, किती वस्त्रे, कोणत्या दिशेला किती अंतर, वाहन किती वेळा, स्नान किती पाण्यात. लहानपणापासून ही कुजबुज मी ऐकत आलो होतो आणि म्हाताऱ्या माणसांचा एक विधी एवढेच तिचे मोल माझ्या लेखी होते. त्या पहाटे प्रथमच लक्षात आले की हे तर दिवस सुरू होण्याआधी केलेले अंदाजपत्रक आहे. बाई ‘पाणी जपून वापरीन’ असे म्हणत नव्हत्या. त्या ‘एक बादली’ म्हणत होत्या. ‘कमी’ या शब्दाला सीमा नसते, संख्येला असते. गेल्या कित्येक वर्षांत पर्यावरणावरची भाषणे ऐकून माझ्यात काहीही बदलले नव्हते, त्याचे कारणही मला तिथेच सापडले. सगळीकडे ‘कमी करा’ होते, ‘किती’ कुठेच नव्हते.

मग आम्ही मोजायला सुरुवात केली.

प्रथम घर. महिनाभर घरात येणारी प्रत्येक पिशवी एका खुंटीला अडकवायची असे ठरले. महिनाअखेर सूनबाईंनी मोजल्या तेव्हा त्र्याण्णव भरल्या. आमच्या घरात एकही पिशवी विकत आणलेली नव्हती. साऱ्या भाजी, फळे, औषधे, फरसाण यांच्याबरोबर ‘फुकट’ आल्या होत्या. आम्ही संख्या ठरविली: महिन्याला दहा. जुन्या चादरी आणि बारदान यांच्या पिशव्या शिवून दाराशी, स्कूटरच्या डिकीत आणि पेढीच्या गल्ल्याखाली ठेवल्या. पिशवी घरी विसरणे हाच खरा शत्रू आहे, हे तेव्हा कळले. म्हणून नियम असा केला की जो पिशवी विसरेल त्याने परत यावे किंवा माल हातात आणावा. माझ्या धाकट्या भावाने एकदा गोलाईतून सोळा संत्री धोतराच्या सोग्यात आणली. आजही घरात ती गोष्ट निघते.

दुसरे पाणी. पाणी गाळून घेणे आणि गाळण्यातील जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात हळुवार परत सोडणे, हा संस्कार आपल्याला आहे. पण गाळलेले पाणी किती वाहून जाते, इकडे आमचे लक्ष नव्हते. स्वयंपाकघरातील एक नळ सेकंदाला एक थेंब गळत होता. नातीने शाळेच्या वहीत गुणाकार केला. दिवसाचे ८६,४०० सेकंद. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला तर दिवसाला साडेएकवीस लिटर. म्हणजे बाईंच्या स्नानाच्या बादलीहून अधिक पाणी नुसते टपकून जात होते. वायसर दहा रुपयांचा होता. पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर बाजूला टाकते, हेही तेव्हाच समजले. त्या नळीखाली आता पिंप आहे. फरशी आणि अंगण त्यावरच पुसले जाते. स्नानाला फवारा नाही, बादली. प्रत्येकाची एक.

तिसरे ताट. ताटात काही न टाकणे आणि जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिणे, ही रीत बाईंनी आमच्याकडून मारूनमुटकून करून घेतली होती आणि शहरात शिकून आल्यावर मुलांनी ती सोडली होती. ती परत आली. भाज्यांची साले, देठ, फळांची टरफले आता स्टीलच्या बादलीत जमा होतात आणि सकाळी गोशाळेत जातात. त्या बादलीत प्लास्टिकचा कपटाही जाऊ नये म्हणून ती रोज मी स्वतः उलथून पाहतो. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

चौथे वाहन आणि वीज. घर ते पेढी अंतर सव्वा किलोमीटर. पावसाचा दिवस सोडून मी पायी जातो. आठवड्याला गाडीच्या चार फेऱ्या एवढीच मर्यादा. पेढीवर मुलांनी वातानुकूलन यंत्र बसविले आहे. ते नको म्हणण्याचा अधिकार मला वाटला नाही, कारण मे महिन्यात लातूरची दुपार काय असते ते मी जाणतो. पण ते २६ अंशांच्या खाली आणायचे नाही असे ठरले. तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो, आणि २०२० पासून नवी यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून येतात. साठ वॅटच्या दिव्याचा उजेड नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. हे सगळे आपल्याला ठाऊक असते; फक्त ते वहीत चढविलेले नसते.

इथवर घर झाले. घरातले सोपे होते, कारण त्यात पैसे वाचत होते. खरी परीक्षा पेढीची होती, कारण तिथे पैसे जाणार होते.

मी भावाला म्हटले की येत्या दिवाळीपर्यंत पातळ पिशव्या बंद, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत थर्माकोल बंद. तो संतापला नाही. पण त्याने जे विचारले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. “दादा, आपण नाही विकले तर समोरचा विकेल. गाय वाचणार नाही, आपण मात्र बुडू. आठ माणसांचा पगार कुठून देणार?” मी एवढेच म्हणालो की समोरच्याचे प्रतिक्रमण मला करायचे नाही, माझे करायचे आहे. हे बोलायला सोपे होते. पहिल्या वर्षी उलाढाल तिसऱ्या हिश्शाने घटली. वीस वर्षांची गिऱ्हाइके समोरच्या दुकानात जाताना मी गादीवरून पाहिली. एकालाही नोकरीवरून काढले नाही. पण त्या वर्षी घरात सोने आले नाही आणि नातवाच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीपैकी एक मोडावी लागली. भाऊ वर्षभर माझ्याशी कामापुरतेच बोलत होता.

पुढे २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि जूनअखेर तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि कैद. ज्यांच्या वखारी भरलेल्या होत्या त्यांची तारांबळ उडाली. लोक मला दूरदृष्टीचा व्यापारी म्हणू लागले. मला त्यात आनंद वाटला नाही. मी बाजाराचा वारा ओळखला नव्हता, एका मेलेल्या गाईपुढे खाली मान घातली होती. भाऊ मात्र त्या दिवशी दुपारी दोन कप चहा घेऊन माझ्या गादीवर येऊन बसला.

आज आमच्या पेढीवर पुन्हा पळसाच्या पत्रावळ्या आहेत, सुपारीच्या गळून पडलेल्या झापांच्या थाळ्या आहेत, सुतळी आहे, कापडी पिशव्या आहेत. हे सारे निर्दोष आहे असा माझा दावा नाही. कागदी पेले आम्ही अजूनही विकतो, आणि त्यांच्या आतल्या बाजूस प्लास्टिकचा पातळ लेप असतो हे मी जाणतो. त्यांची खरेदी दरवर्षी एक चतुर्थांशाने कमी करायची असे वहीत लिहिले आहे. दोन वर्षे साधले, गेल्या वर्षी साधले नाही. तेही लिहिले आहे.

आता थोडे संघाविषयी, कारण आपल्या घरातील बचत आपण एका कार्यात उधळून टाकतो. अठ्ठाईच्या पारण्याला, स्वामीवात्सल्याला, दीक्षार्थींच्या सत्काराला किती ताटे, किती पेले, किती लहान बाटल्या निघतात, हे मला माहीत असायचे कारण त्या मीच पुरवीत असे. कधी कधी देणगी म्हणूनही. ज्याने आठ दिवस अन्नाचा त्याग केला त्याच्या गौरवासाठी आपण दोन ट्रॉली कचरा करतो, यातली विसंगती मला स्वतःला कित्येक वर्षे दिसली नव्हती.

संघाच्या बैठकीत मी स्टीलच्या ताटांचा विषय काढला तेव्हा विरोध पाण्याच्या नावाने झाला, आणि तो रास्त होता. अपकायाच्या जीवांची विराधना वाढणार, शिवाय हे लातूर. २०१६ मी विसरलो नव्हतो. शेवटी बाईंची रीत कामी आली. जेवणाऱ्याने ताट संपवून त्यातच अर्धी वाटी पाणी घालून ते प्यावे. म्हणजे ताट जवळजवळ स्वच्छ होऊनच परत येते. पुढे वाहता नळ नाही, तीन टब. पहिल्यात चिकटपणा निघतो, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. दुसऱ्या पंगतीला तिसऱ्या टबचे पाणी पहिल्यात जाते. पहिल्या वर्षी तरुण मंडळींनी नाके मुरडली, दोन ताटे हरवली आणि धुणाऱ्या बायांना मजुरी वाढवून द्यावी लागली. ती आनंदाने दिली. पेल्यांऐवजी तांब्या-भांडे आले. प्रभावनेच्या वस्तू प्लास्टिकच्या वेष्टनात नकोत असे ठरले. आमंत्रणपत्रिकांवरची चकचकीत फिल्म तर १ जुलै २०२२ पासून देशभरच बंद झाली आहे. तरी काही पत्रिका अजून तशा येतात, आणि त्या पाठविणारे परके नसतात.

बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांच्या बोटांना पेरे मोजणे जमत नव्हते. मी शेजारी बसून एकेक नियम म्हणत असे आणि त्या नजरेने संख्या सांगत. ‘वाहन’ म्हटले की हसत. अंथरुणावरून कुठे जायचे होते! तरीही त्या तो नियम गाळू देत नसत.

आता पहाटे मी तो क्रम स्वतः म्हणतो. पेढीवर आल्यावर रोजमेळात ‘श्री’ लिहिले की समासात तीन आकडे लिहितो: आज घरात आलेल्या पिशव्या, गाडीची फेरी, आणि दुकानातून गेलेले असे नग, जे एकदा वापरून फेकले जाणार आहेत. तिसरा आकडा अजून शून्य नाही. पण तो आता माझ्या वहीत आहे.

येत्या दिवाळीत आपणही नव्या वह्यांचे पूजन कराल. शेवटचे एक पान कोरे ठेवावे एवढीच विनंती. त्यावर मोठा संकल्प लिहू नये. घराचा एक आकडा, दुकानाचा एक आकडा आणि संघातील आपल्या पुढच्या कार्याचा एक आकडा, एवढे तीन लिहावेत आणि महिनाअखेर रोकड जुळविताना तेही जुळवून पाहावेत. तूट आली तर तूट लिहावी. ती सापडेपर्यंत दिवा न मालवण्याची सवय आपल्याला आहेच.